'पुढे' म्हणजे नेमकं कुठे?

आवाज ओठांशी जुळत नसेल, तर तो जुळवायची सोय बहुतेक प्लेअरमध्ये असते. घोडं अडतं ते त्या सेटिंगशेजारी लिहिलेल्या एका ओळीपाशी. ती ओळ सुधारायला कोडिंग यावंच लागतं असं नाही.

कल्पना करा, गॅदरिंगचा दुसरा दिवस आहे. हॉल खचाखच भरलाय. तुमच्या ग्रुपने तीन महिने खपून केलेली अकरा मिनिटांची शॉर्टफिल्म सुरू होते. पहिलं दीड मिनिट नुसतं म्युझिक, त्यामुळे सगळं मस्त चाललेलं. मग पडद्यावरची आजी बोलायला तोंड उघडते आणि आवाज येतो तो किंचित नंतर. फरक जरासाच, पण शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना तो कळतो. पहिली शिट्टी तिथूनच येते.

तुमच्यातला एक जण लॅपटॉपकडे धावतो. प्लेअरमध्ये आवाज जुळवायची सेटिंग असते, हे त्याला माहीत असतं. ती सापडतेही. समोर एक चौकट, चौकटीत शून्य, शेजारी वर-खाली दोन बाण आणि नाव 'ऑडिओ ऑफसेट'. आता वर दाबायचं की खाली? माउस तिथे नेला की खुलासा येतो : 'ऑडिओचा ऑफसेट बदलण्यासाठी ही किंमत बदला.' झालं! तो वर दाबतो. आजी आणखी उशिरा बोलायला लागते. अख्खा हॉल हसतो. आणि सीन असतो रडण्याचा.

यात चूक कुणाची? सेटिंग व्यवस्थित चालत होती. मित्र काही बावळट नव्हता, घाईत होता. फसवलं ते त्या खुलाशाने. त्यात एकही खोटा शब्द नव्हता आणि एकही उपयोगाचा शब्द नव्हता. ज्याला आधीच माहिती आहे त्यालाच कळेल, असं ते वाक्य होतं.

अशी वाक्यं तुम्ही रोज वाचता. फोनमध्ये, टीव्हीच्या मेनूमध्ये, एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये. कळली नाहीत की आपल्याला वाटतं, 'आपल्याला टेक्निकल जमत नाही यार.' खरं तर बऱ्याचदा लिहिणाऱ्याला जमलेलं नसतं. आवाज जुळवण्याची ही एक छोटीशी सेटिंग घेऊन बघू या, चांगलं टेक्निकल लिखाण म्हणजे काय असतं ते.

आधी दुखणं, मग औषध

आवाज आणि चित्र वेगळे होतातच का? कारण दोघांचे रस्ते वेगळे असतात. चित्र लॅपटॉपमधून केबलने प्रोजेक्टरकडे जातं. आवाज मात्र ब्लूटूथ स्पीकरकडे निघालेला असतो. तिथे तो आधी दाबून लहान केला जातो, मग हवेतून पाठवला जातो, स्पीकरमध्ये पुन्हा उलगडला जातो आणि मध्ये तुटू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवला जातो. या सगळ्यात शे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. काही फोन आणि अ‍ॅप हा उशीर ओळखून चित्रालाही तेवढं थांबवतात, पण सगळीकडे ते जमतंच असं नाही. मग आवाजाचं होतं वरातीमागून घोडं.

उलटंही घडतं. मोठ्या टीव्हीला चित्र चकाचक करायला वेळ लागतो आणि आवाज मात्र साउंडबारमधून सरळ बाहेर पडतो. तिथे आवाज आधी आणि ओठ नंतर. हा गोंधळ इतका नेहमीचा की २००६ साली आलेल्या एचडीएमआय १.३ मध्ये ओठ-आवाज आपोआप जुळवण्याची सोयच दिली गेली. तुम्ही घरून लाइव्ह स्ट्रीम करत असाल तरी हेच. माइकचा आवाज पटकन पोहोचतो, वेबकॅमचं चित्र मागून रेंगाळत येतं.

म्हणजे दुखणी दोन आहेत, 'आवाज उशिरा' आणि 'आवाज लवकर'. दोन्हींवरचं औषध एकमेकांच्या बरोब्बर उलट. इथेच अर्धवट लिहिलेला खुलासा घात करतो. चुकीच्या बाजूला गेलात तर दुखणं आहे तेवढंही राहत नाही, वाढतं.

आपल्याला किती फरक कळतो? इंटरनॅशनल टेलिकम्युनिकेशन युनियन, म्हणजे आयटीयूने १९९८ साली टीव्ही प्रसारणासाठी केलेल्या शिफारशीत याचे आकडे आहेत. आवाज साधारण ४५ मिलिसेकंद लवकर आला की तो लक्षात यायला लागतो. उशिरा आला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जातो. दोन्हीकडची सूट सारखी नाही. याचं एक कारण आपल्या सवयीत शोधता येईल. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर ऐकू येतो. लांबवर कुणी धुणं आपटत असेल तर हात आधी दिसतो, आवाज मागून येतो. आवाज मागून येण्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. तो आधी आला की मेंदू दचकतो.

आता हे आकडे एडिटिंगच्या भाषेत बघा. २५ फ्रेम्सच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. म्हणजे आवाज जेमतेम एका फ्रेमपेक्षा जास्त लवकर आला, तरी तो खटकायला सुरुवात होऊ शकते.

मराठीतला 'पुढे'चा घोळ

वर-खालीच्या बाणांवरून इंग्रजीत गोंधळ होतो, मराठीत लिहिलं की संपेल, असं वाटतंय? मग हे वाक्य बघा : 'आवाज पुढे घ्या.'

आता सांगा, आवाज लवकर येणार की उशिरा?

'परीक्षा पुढे गेली' म्हटलं की आपण खूश होतो, कारण ती लांबली. इथे पुढे म्हणजे उशिरा. पण 'ती माझ्या पुढे धावतेय' म्हटलं की ती आधी पोहोचणार. इथे पुढे म्हणजे लवकर. एडिटिंगच्या टाइमलाइनवर क्लिप 'पुढे' सरकवली की ती उजवीकडे जाते आणि उशिरा वाजते. एकच शब्द, दोन विरुद्ध अर्थ. ग्रुपमधल्या चौघांना विचारून बघा, दोन-दोन मतं पडण्याची शक्यता बरीच आहे.

'मागे'चंही तेच. म्हणून आवाजाच्या सेटिंगबद्दल मराठीत लिहिताना 'पुढे' आणि 'मागे' हे दोन शब्द सरळ टाळा. 'लवकर' आणि 'उशिरा' वापरा. त्यांचा अर्थ कुणी फिरवू शकत नाही.

इंग्रजीतही अशीच अडचण होते. व्हीएलसी प्लेअर तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. त्याच्या सविस्तर प्रेफरन्सेसमध्ये 'ऑडिओ डीसिंक्रोनायझेशन कॉम्पेन्सेशन' असा एक पर्याय आहे. नाव वाचतानाच धाप लागते. त्याच्या मदतीच्या मजकुराचा आशय साधारण असा : यामुळे आवाज उशिरा येतो, किती उशिरा ते मिलिसेकंदात द्यायचं, आणि चित्र व आवाज यांच्यात अंतर जाणवलं तर हे उपयोगी पडतं.

पहिले दोन भाग छान आहेत. काय होतं ते कळलं, एकक कळलं. तिसऱ्या भागात पाय अडकतो. अंतर जाणवलं म्हणजे कोण मागे राहिलंय? आवाज आधीच उशिरा येत असेल आणि मी हे वाचून मोठा आकडा टाकला तर? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

त्याच व्हीएलसीमध्ये दुसरीकडे किती सोपं काम केलंय बघा. 'टूल्स'मधल्या 'ट्रॅक सिंक्रोनायझेशन'च्या खिडकीत तुम्ही आकडा बदलला की शेजारी कंसात एक शब्द उमटतो. प्लसला 'उशिरा' या अर्थाचा, मायनसला 'लवकर' या अर्थाचा. फक्त एक शब्द, पण तो नेमका त्याच ठिकाणी, नेमक्या त्याच वेळी दिसतो. मॅन्युअल उघडायची गरज पडत नाही.

एमपीव्ही नावाचा आणखी एक मोफत प्लेअर आहे. त्याच्या मॅन्युअलने ही गोष्ट एका वाक्यात संपवलीय. आकडा प्लस असेल तर आवाज उशिरा येतो, मायनस असेल तर चित्र उशिरा येतं. वाचताना एक छान गोष्ट लक्षात येते. आवाज 'लवकर' आणणं म्हणजे प्रत्यक्षात चित्राला थांबवणं. जो आवाज स्पीकरपर्यंत पोहोचलेलाच नाही, तो आधी कसा वाजणार? वाट कुणाला तरी बघावीच लागते. कुणी वाट बघायची, हे त्या वाक्याने स्पष्ट सांगितलं. नेमकेपणा आणि सोपेपणा एकमेकांचे वैरी असतात, हा समज अशा ठिकाणी गळून पडतो.

दोनशे काय? रुपये?

दुसरा सापळा एककाचा. लाइव्ह स्ट्रीमिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या ओबीएस स्टुडिओमध्ये 'सिंक ऑफसेट' मिलिसेकंदात असतो. एमपीव्हीमध्ये तोच प्रकार सेकंदात. व्हीएलसीच्या ट्रॅक सिंक्रोनायझेशनच्या खिडकीत सेकंद, पण प्रेफरन्सेसमधल्या त्या लांबलचक नावाच्या पर्यायात मिलिसेकंद. म्हणजे २०० हा आकडा एका ठिकाणी एक पंचमांश सेकंद असतो, तर दुसऱ्या ठिकाणी तीन मिनिटं वीस सेकंद!

म्हणून आकड्यासोबत एकक हवंच, आणि जमलं तर एक उदाहरणही. '०.२ म्हणजे २०० मिलिसेकंद' एवढे चार शब्द लिहिले तरी पुरे.

ऑडॅसिटीमध्ये आवाज रेकॉर्ड करत असाल तर तिथला 'लेटन्सी कॉम्पेन्सेशन' बघा. मुळात तिथे मायनस १३० मिलिसेकंद असा आकडा भरलेला असतो. हा मायनस कसला? तुम्ही हेडफोनवर तबला ऐकत गाता. तबल्याचा आवाज कॉम्प्युटरमधून तुमच्या कानापर्यंत येतो, तुमचं गाणं माइकमधून कॉम्प्युटरपर्यंत जातं. या जाण्या-येण्यात वेळ गेल्यामुळे तुमचा ट्रॅक उशिरा नोंदला जातो. तो तेवढाच डावीकडे, म्हणजे लवकर सरकवायचा म्हणून मायनस. हे समजलं नाही तर तालात गाणारा माणूससुद्धा स्वतःलाच दोष देत बसतो. १३० हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे, तुमच्या मशीनचा खरा आकडा वेगळा असू शकतो. ऑडॅसिटीच्या मॅन्युअलमध्ये तो आपला आपण मोजायची पद्धत दिलीय. आकडा का आहे आणि तो आपल्यासाठी कसा शोधायचा, या दोन्ही गोष्टी सांगणं ही चांगल्या लिखाणाची खूण.

पाच प्रश्न

तर मग आवाज जुळवण्याच्या सेटिंगबद्दल लिहिताना नेमकं काय लिहायचं? वाचणारा काय मनात घेऊन आलाय, तिथून सुरुवात करा. 'ऑफसेट म्हणजे काय?' हे शिकायला तो आलेला नाही. त्याच्यासमोर आजी चुकीच्या वेळी बोलतेय आणि हॉल हसतोय. त्याला पाच प्रश्नांची उत्तरं हवीत.

एक, मला काय दिसतंय? ओठ आधी हलतात की आवाज आधी येतो?
दोन, मग मी काय दाबू? प्लस की मायनस, वर की खाली?
तीन, किती? कोणत्या एककात आणि सुरुवात कितीने करू?
चार, जुळलं हे मला कसं कळेल?
पाच, तरीही नाही जुळलं तर?

या क्रमाने व्हीएलसीमधला तो मजकूर मराठीत पुन्हा लिहून बघू :

'आवाज ओठांच्या आधी ऐकू येतो? प्लस आकडा द्या. आवाज तेवढा उशिरा येईल.
आवाज ओठांच्या नंतर ऐकू येतो? मायनस आकडा द्या. आवाज तेवढा लवकर येईल.
आकडा मिलिसेकंदात द्या. १००० मिलिसेकंद म्हणजे १ सेकंद. १०० पासून सुरुवात करा.
कुणीतरी समोर बघून बोलत असेल असा सीन लावा आणि "प", "ब", "म" ही अक्षरं येताना ओठ मिटतात तेव्हाच आवाज येतोय का ते पाहा.'

बस. यात 'डीसिंक्रोनायझेशन' नाही, 'कॉम्पेन्सेशन' नाही. तरी अर्थ एका मिलिसेकंदानेही ढळलेला नाही.

इथे एक सावधगिरी. मजकूर सोपा करताना बटणाचं नाव मात्र बदलू नका. स्क्रीनवर 'सिंक ऑफसेट' लिहिलं असेल तर तुमच्या मजकुरातही 'सिंक ऑफसेट'च हवं. 'ध्वनी समकालन' असं भारदस्त भाषांतर केलंत, तर बिचारा वाचणारा ते नाव स्क्रीनवर शोधत राहील. नाव स्क्रीनवरचं, स्पष्टीकरण आपल्या भाषेतलं, हा हिशेब सोपा आहे.

एक टाळी वाजवा

चौथा आणि पाचवा प्रश्न लिहिणारे नेहमी विसरतात, म्हणून त्यांच्याकडे जरा नीट बघू.

'कसं कळेल?' याचं जुनं आणि खात्रीचं उत्तर म्हणजे टाळी. शूटिंगमध्ये क्लॅप देतात तो यासाठीच. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये दोन्ही तळवे भिडतात ती फ्रेम शोधा आणि ऑडिओच्या रेषेत टोक उसळतं ती जागा शोधा. समजा, टोक पाच फ्रेम्स नंतर आहे आणि व्हिडिओ २५ फ्रेम्सचा आहे. पाच गुणिले चाळीस, म्हणजे आवाज २०० मिलिसेकंद उशिरा. अंदाजपंचे बाण दाबत बसण्याऐवजी एका गुणाकारात उत्तर.

आणि हॉलमध्ये तपासताना बसायचं कुठे, हेही लिहा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे स्पीकरपासून वीस मीटरवर बसलेल्याला तो जवळपास ५८ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. स्पीकरला चिकटून बसून तुम्ही आवाज अगदी काट्यावर जुळवलात, तर शेवटच्या रांगेला वेगळाच अनुभव येणार. म्हणून मधल्या रांगेत बसून तपासा.

पाचवा प्रश्न सगळ्यांत प्रामाणिक. कुठलंही औषध सगळ्या दुखण्यांवर चालत नाही. सुरुवातीला आवाज जुळतोय, पण दहाव्या मिनिटाला जरा घसरलाय आणि चाळिसाव्या मिनिटाला भलतीकडेच गेलाय, असं झालं तर ऑफसेट बदलून उपयोग नाही. ऑफसेट सगळ्या फिल्मला सारखाच सरकवतो. इथे अंतरच वाढत चाललंय. कॅमेरा आणि वेगळा रेकॉर्डर यांची अंतर्गत घड्याळं किंचित वेगळ्या गतीने चालत असली तर असं होतं. दहा लाखांत वीस इतका बारीक फरक असला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांची तफावत पडते. फोनवर केलेल्या शूटिंगमध्ये फ्रेम्सचा वेग कमी-जास्त होत राहतो, त्यानेही काही एडिटिंग सॉफ्टवेअर गोंधळतात. तेव्हा हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून व्हिडिओ आधी एकसारख्या फ्रेम-रेटचा करून घेतात.

'अंतर सतत वाढत असेल तर ही सेटिंग उपयोगाची नाही' हे एक वाक्य मजकुरात असेल, तर कुणाची तरी अख्खी रात्र वाचेल. आपल्या औषधाची मर्यादा सांगितल्याने लिहिणाऱ्याचं काही कमी होत नाही, उलट वाचणाऱ्याचा विश्वास वाढतो.

एवढ्याशा गोष्टीसाठी?

आता कुणी म्हणेल, शेपाचशे मिलिसेकंदांसाठी एवढा काथ्याकूट कशाला?

१९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकवला 'बा', पण व्हिडिओत ओठ हलत होते 'गा' म्हणणारे. बघणाऱ्यांपैकी अनेकांना ऐकू आलं 'दा'! म्हणजे आपण सगळेच थोडे डोळ्यांनी ऐकत असतो. कान धडधाकट असले तरी.

मग ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांचा विचार करा. तुमच्या वर्गात श्रवणयंत्र लावणारी एखादी मैत्रीण असेल. ऑनलाइन लेक्चर ऐकताना ती सरांच्या ओठांकडे बघून शब्द पक्का करते. ओठ आणि आवाज वेगळे झाले तर आपल्याला नुसतं खटकतं, तिचा मात्र धडाच निसटतो. तिच्या हाताशी सेटिंग आहे. ती वापरायची कशी, हे मात्र कळेल अशा भाषेत कुणी लिहिलेलं नाही. आजोबांनी नव्या टीव्हीला साउंडबार लावलाय आणि बातम्या त्यांना 'डब केल्यासारख्या' वाटतात, त्यांचंही हेच. सेटिंग असूनही सापडू किंवा उमगू नये, तर ती नसल्यासारखीच.

मग करायचं काय?

गंमत म्हणजे यातलं बरंच तुमच्या हातात आहे. व्हीएलसी ज्या व्हिडिओलॅन प्रकल्पातून आला, तो १९९६ साली पॅरिसमधल्या इकोल सेंट्राल या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सुरू केला होता. कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ बघता यावा, एवढीच सुरुवात. २००१ साली त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. व्हीएलसी, ओबीएस, एमपीव्ही, ऑडॅसिटी ही सगळी खुली सॉफ्टवेअर आहेत. नुसता कोडच नाही, त्यांचं मॅन्युअलही सुधारायला लोक लागतात. २०१९ मध्ये गुगलने 'सीझन ऑफ डॉक्स' हा उपक्रम सुरू केला, तो खास अशा प्रकल्पांना टेक्निकल रायटर मिळावेत म्हणून. पहिल्याच वर्षी त्यात व्हिडिओलॅनही होतं.

कोडिंग येत नाही म्हणून ओपन सोर्सच्या वाटेला न जाणाऱ्यांनो, हे दार तुमच्यासाठी आहे. आर्ट्सवाले, मास मीडियावाले, तुम्हीसुद्धा या. टेक्निकल रायटिंग हा पगारी पेशा आहे आणि मुलाखतीत 'मी ही ओळ सुधारली, ती स्वीकारली गेली' हे दाखवता आलं तर बोलायला ठोस काहीतरी हाती असतं.

सुरुवात अशी करा. एक सेटिंग निवडा, एकच. ती स्वतः वापरून बघा. वाचलेलं किंवा ऐकलेलं नको, बोटांनी दाबलेलं हवं. कोणत्या व्हर्जनवर तपासलं ते लिहून ठेवा, कारण उद्या बटण दुसरीकडे जाऊ शकतं. मग वरच्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा.

आता खरी परीक्षा. दोन क्लिप्स तयार करा, एकीत आवाज ३०० मिलिसेकंद लवकर, दुसरीत तेवढाच उशिरा. ज्याने ही सेटिंग कधी पाहिली नाही अशा मित्राला तुमचा मजकूर द्या, क्लिप लावा आणि तोंडाला कुलूप लावून बसा. तो कुठे थबकतो, कुठली ओळ दोनदा वाचतो, पहिल्यांदा कोणतं बटण दाबतो, एवढंच बघा. मध्ये 'अरे तसं नाही' म्हणालात, तर परीक्षा तिथेच रद्द! आणि हो, एकाने बरोबर दाबलं म्हणून हुरळून जाऊ नका. बटणं दोनच आहेत, डोळे मिटून दाबलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं. म्हणून दोन्ही क्लिप्स दाखवा आणि चार-पाच जणांना बसवा. मित्र अडला तर दोष त्याचा समजू नका. ती ओळ पुन्हा लिहा.

पास झालात की प्रकल्पाकडे पाठवा. कोणतं पान, कोणतं वाक्य, त्यात कुठे गोंधळ होतो आणि तुमचं नवं वाक्य काय, एवढं थोडक्यात आणि नम्रपणे. एमपीव्हीचं मॅन्युअल तर कोडच्या शेजारीच साध्या मजकुराच्या फाइल्समध्ये असतं, त्यामुळे बदल सुचवणं सोपं जातं. यातले बरेच लोक नोकरी-धंदा सांभाळून हे काम करतात. उत्तराला वेळ लागेल, कधी नकारही येईल. तोही वाचा, त्यातून शिकायला मिळतं.

आणि एवढं मोठं काही नको असेल, तर निदान कॉलेजपुरतं करा. तुमच्या हॉलच्या लॅपटॉपवर जो प्लेअर आहे, तो उघडा. कुठली कळ दाबली की आवाज लवकर येतो, कुठली दाबली की उशिरा, हे बघा. व्हीएलसीमध्ये 'जे' दाबला की आवाज ५० मिलिसेकंद लवकर, 'के' दाबला की तेवढाच उशिरा. दोन ओळी मार्करने कागदावर लिहा आणि सेलोटेपने कीबोर्डशेजारी चिकटवून टाका :

'ओठ आधी, आवाज नंतर? जे दाबा.
आवाज आधी, ओठ नंतर? के दाबा.'

पुढच्या वर्षी त्या लॅपटॉपमागे तुमच्या ओळखीचं कुणी नसेल. फर्स्ट इयरचा एखादा पोरगा असेल, घाबरलेला, घामेजलेला. पडद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी आजी असेल. तो कागद वाचेल, चार वेळा 'जे' दाबेल आणि हॉलमध्ये कुणाला काही झालं होतं, हेसुद्धा कळणार नाही.